सहा पंचवीसला फ्रिज कोणी उघडला?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वीजखात्यातला माणूस. आधी वायरमन, पुढे लाइन इन्स्पेक्टर. सगळी नोकरी महाड आणि पोलादपूर तालुक्यात गेली. या भागातली निम्मी भुतं मी स्वतः दुरुस्त केली आहेत, असं मी गमतीनं म्हणायचो. आंबेनळी घाटात एका वळणावर पावसाळ्यात निळा उजेड दिसायचा. ड्रायव्हर लोक तिथं नारळ फोडायचे. मी खांबावर चढून पाहिलं, तर इन्सुलेटरला तडा गेलेला. तो बदलला, उजेड गेला. नारळ मात्र चालूच राहिले...

हे अशासाठी सांगतोय, की माझ्या बाबतीत जे घडलं त्यालाही मी आधी टेस्टरच लावून पाहिला. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आज आहे का, ते मलाच नीट सांगता येत नाही.

साल साधारण २००६-०७. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपली की डाव्या हाताला चढावर माझं घर आहे. निवृत्त झाल्यावर बांधलं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे परसात विहीर आणि धुण्याचा दगड. शेजारी एकच घर, त्याचे मालक डोंबिवलीला. ते घर गणपतीत उघडतं आणि मे महिन्यात उघडतं. बाकी वर्षभर त्याच्या ओटीवर माकडं बसतात.

आमची ही जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मंदार पुण्यात, एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत. आमचं बोलणं फोनवर. बुधवारी आणि रविवारी तो फोन करायचा. प्रश्न ठरलेले — "जेवलात का? गोळी घेतली का? झोप लागते ना?" उत्तरंही ठरलेली — हो, हो, हो. तीन मिनिटांत फोन खाली. आम्ही दोघंही मुळात बोलणारे नाही. ही होती तोवर मधला दुवा होता. ती त्याचं मला सांगायची, माझं त्याला.

एका दिवाळीत तो एक पेटी घेऊन आला. बुटांच्या खोक्याएवढी, पत्र्याची, वर दोन लाल दिवे. दोन दिवस घरभर वायरी ओढत होता. गिझर, फ्रिजचा दरवाजा, स्वयंपाकघरातली ट्यूब आणि विहिरीचा पंप असं चार ठिकाणांहून वायर पेटीत आणली. पेटीतून एक वायर टेलिफोनला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"बाबा, घरात काय काय चालू-बंद होतं ते ही पेटी लिहून ठेवते. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला स्वतःच फोन लावून इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरला पाठवते. सकाळी नऊपर्यंत घरात काहीच चालू झालं नाही, तर माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. म्हणजे मला कळेल."

"काय कळेल?"

"...काही झालं तर."

"फ्रिजला इंटरनेट कशाला लागतं? फ्रिज काय तुला पत्र लिहिणार?"

"पुढे सगळ्याच घरांत असं असणार आहे बाबा. फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं जोडलेलं."

मी म्हटलं, मला हे अनावश्यक वाटतं. माणसाची चौकशी माणसानं करावी. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही फोनवर खरं कुठं सांगता?" काम मात्र त्यानं झकास केलं होतं. वायरिंगला कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. ते मी त्याला म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

पेटी बसली आणि त्याचे फोन कमी झाले. मुद्दाम नव्हे, हे मला कळत होतं. त्याला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी उठलो, आंघोळ केली, फ्रिजमधून दूध काढलं, पंप चालवला, सगळं त्याला ऑफिसात बसून दिसत होतं. आधी बुधवार गेला, मग रविवारही एकाआड एक झाला. फोन आला की, "काल गिझर चाळीस मिनिटं चालू होता बाबा, विसरला होतात का?" एवढंच.

आता लाज वाटते सांगायला... एके दिवशी मी उगाचच फ्रिज अकरा वेळा उघडला आणि बंद केला. संध्याकाळी फोन आला! "बाबा, फ्रिजच्या दाराचा स्विच बिघडलाय का?" मी म्हटलं, "असेल, बघतो." आणि ठेवला फोन. दुसरं काय सांगणार होतो?

तर तो दिवस.

दसरा होऊन आठवडा झाला होता. पाऊस थांबला होता, पण परसातल्या फरशीवरचं शेवाळ अजून ओलं होतं. मी नेहमीप्रमाणे पावणेसहाला उठलो, मागचं दार उघडलं, तोंड धुवायला दगडापाशी गेलो आणि पाय सटकला. कमरेखाली काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. डोळ्यांपुढं अंधारी आली. भानावर आलो तेव्हा फटफटलं होतं. मी दगड आणि मागचं दार यांच्या मधल्या पायवाटेवर पडलेलो. उजवा पाय हलेना. कोपरांवर सरकायचा प्रयत्न केला, तर अशी कळ आली की पुन्हा शुद्ध जाते की काय असं वाटलं.

ओरडून पाहिलं. कोण ऐकणार? खालच्या रस्त्यानं ट्रक चढत होते, त्यांच्या गिअरच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

आणि तेव्हा मला पेटीची आठवण झाली. खरं सांगतो, त्या क्षणी मी त्या पेटीला हात जोडले असते. आज गिझर चालू झालेला नाही, फ्रिज उघडलेला नाही. नऊ वाजता मंदारला मेसेज जाणार. तो कोणाला तरी फोन करणार, कोणीतरी येणार. तीन तास काढायचे, बस. मनातल्या मनात त्याची माफीही मागितली. म्हटलं, पोरा, तुझं बरोबर होतं.

असा विचार करत पडलो होतो... आणि घरात गिझरचा स्विच वाजला.

टक्.

तो जुना मोठा स्विच आहे, त्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. मला वाटलं, भास. पण थोड्या वेळानं स्वयंपाकघरातली ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. मागचं दार मी उघडंच टाकून आलो होतो. तिचा पांढरा उजेड उंबऱ्यावर पडलेला मला पडल्या जागेवरून दिसत होता. उंबऱ्याच्या आतलं काही दिसत नव्हतं. मग फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज, तो रबर सुटल्यासारखा. पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज. लायटर दोनदा. आमचा लायटर पहिल्यांदा कधीच पेटत नाही.

"कोण आहे?" मी ओरडलो.

आतले आवाज थांबले. एक माणूस कान देऊन ऐकतो तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाले. पातेल्यात चमचा फिरला. गवती चहाचा वास आला. तो मी रोज घालतो.

चोर म्हणावं, तर चोर चहा करत नाही. कोणी ओळखीचं म्हणावं, तर आत येणार कुठून? पुढच्या दाराला आतून कडी होती, ती मी रोज नऊनंतर काढतो. मागच्या दारात जायला एकच पायवाट, आणि त्या वाटेवर मी आडवा पडलेला. माझ्या अंगावरून गेल्याशिवाय कोणाला आत जाता आलं नसतं.

मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होतं. आत जे कोणी होतं ते माझा दिवस जगत होतं. माझा गिझर, माझा चहा, कपबशी बेसिनमध्ये ठेवताना होतो तो माझा आवाज. आणि मी बाहेर पडलेला, माझी कोणाला गरजच नव्हती. घर माझ्याशिवाय नीट चाललं होतं.

ऊन पायांवर आलं. नऊ वाजले असणार, कारण आतून पेटीचा तो आवाज आला. आधी नंबर फिरतो, मग कर्कश शिट्टी, मग खरखर. पेटी मंदारला कळवत होती — बाबा उठले, आंघोळ झाली, दूध काढलं, सगळं ठीक आहे. मी पडल्या पडल्या ओरडत होतो, "नाही रे, नाही! ते मी नाही!" त्या खरखरीवर ओरडत होतो वेड्यासारखा. शेवटी रडू आलं. हिच्या वेळी आलं नव्हतं एवढं.

साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. मी मोजलं. तिसऱ्या घंटेला उचलला गेला. मीही तिसऱ्या घंटेलाच उचलतो. पहिल्याला उचलला की फोनजवळच बसलो होतो असं वाटतं, म्हणून.

मग बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते, फोन पुढच्या खोलीत आहे. नुसता सूर. हळू, थांबत थांबत. मी आयुष्यात कधी इतका वेळ फोनवर बोललेलो नाही. ऐकता ऐकता अंगावर काटा आला, कारण तो सूर मला कळला. टेपवर स्वतःचा आवाज ऐकला की आधी परका वाटतो आणि मग ओळख पटते ना, तसं. बऱ्याच वेळानं रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. परत चहाचं पातेलं वाजलं.

दुपारी एकच्या आसपास भागीबाई आली. ही उमरठच्या बाजूला वरच्या धनगरवाडीत राहते. आठवड्यातून एकदा तूप घेऊन बाजाराला उतरते आणि परत जाताना माझ्याकडे पाणी पिऊन वर चढते. घराला वळसा घालून ती परसात आली आणि मला पाहून तिच्या हातातली पिशवीच पडली.

"अगो बाय! भाऊ, ह्ये काय झालं वो? कवापासनं पडलाव हितं?"

"सकाळपासून. पाणी दे गं आधी."

ती मला ओलांडून आत गेली. तांब्या घेऊन बाहेर आली ती जरा बिचकलेलीच.

"घरात कोन हाय?"

"कोणी नाही."

"नाय कसं? मी पुढनं हाका मारल्या, कडी आतनं. आत भांडं वाजलं, म्हनून तं मागनं आले. न् च्यायचा टोप अजून ऊन हाय." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी न्हाय केलाव?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पदर खोचला, धावत खाली रस्त्यावर गेली आणि एक टेम्पो थांबवून दोन माणसं घेऊन आली. त्यांनी घर आतून पाहिलं. कोणी नव्हतं. पुढची कडी तशीच होती, ती त्यांनीच काढली.

मला महाडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलं होतं. एक्स-रे झाला, इंजेक्शनं झाली, संध्याकाळचे साडेचार वाजले. तिथली नर्स मला घरच्यांचा नंबर विचारत होती, आणि मी तो आठवून सांगतोय एवढ्यात दारात मंदार उभा. घामाघूम, केस विस्कटलेले.

"तुला कोणी कळवलं?"

"तुमच्या घराखालच्या टपरीवाल्यानं सांगितलं, महाडला नेलंय म्हणून."

"ते नाही रे. पुण्याहून कसा निघालास?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्हीच तर बोलावलंत बाबा. सकाळी."

तो स्टुलावर बसला. मग जे कधी करत नाही ते त्यानं केलं, माझा हात हातात घेतला. म्हणाला, नऊचा रिपोर्ट पाहिला, सगळं व्यवस्थित होतं, पण कोण जाणे का, आज फोन करावासा वाटला. मी — म्हणजे फोनवरच्या माणसानं — पंधरा-वीस मिनिटं बोलून घेतलं. म्हटलं की तुझी आई गेल्यापासून या घरात मला हाक मारणारं कोणी राहिलं नाही. म्हटलं की पेटी तू उत्तम केलीस, वायरिंग बघून मला अभिमान वाटला, पण तोंडातून निघालं नाही. म्हटलं की तू सातवीत असताना रेडिओ खोललास म्हणून तुला मारलं होतं, ते चुकलं. तेव्हाच कळलं होतं चुकलं म्हणून.

"आणि शेवटी म्हणालात, जमलं तर आजच ये. तुम्ही कधी 'ये' म्हणत नाही बाबा. मी तसाच उठलो." "तो रेडिओ... मला वाटायचं तुम्ही विसरलात."

मी विसरलो नव्हतो. पण ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, हिलासुद्धा नाही. यातलं प्रत्येक वाक्य माझ्या मनात होतं आणि एकही माझ्या तोंडचं नव्हतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं — मंदार, मी पावणेसहापासून परसात पडलो होतो, तो फोन मी घेतला नाही. ओठांवर आलंही. पण त्यानं माझा हात घट्ट धरला होता, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं जे मी तो लहान असल्यापासून पाहिलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, "हं."

तो समजला की मी फोननंतर पडलो. भागीबाई आणि तिचा जबाब वरच्या वाडीत राहिला. आजतागायत मी त्याला खरं सांगितलेलं नाही.

बरा होऊन घरी आल्यावर मी सगळं तपासलं. पेटी उघडली, चारही वायरी मीटर लावून पाहिल्या. कुठंही शॉर्ट नाही, लीकेज नाही. मंदारनं त्या सकाळचा कागद छापून आणला होता. गिझर सहा पाच, ट्यूब सहा बावीस, फ्रिज सहा पंचवीस... रोजच्यासारखाच. समजा, वायरीत दोष आला आणि पेटीनं खोटं लिहिलं. पण मग टोप कसा तापला? पेटीतल्या, फोन लावणाऱ्या मोडेमनं फोन उचलला असं धरलं, तरी मोडेम शिट्टी मारतो, माफी मागत नाही. बेशुद्धीत मीच उठून आत गेलो असेन का? हे डॉक्टरांना आडून विचारलं. ते हसले. म्हणाले, "या हाडावर? उभं राहणं सोडा, तुम्ही कुशीवर वळला असतात तरी मी तुमचा सत्कार केला असता."

जे कोणी होतं त्यानं माझं भलं केलं की वाईट, तेही मला ठरवता येत नाही. त्यानं गिझर लावला नसता, तर नऊला मेसेज गेला असता आणि मदत कदाचित लवकर आली असती. पण मग मंदार आला असता तो मोडलेल्या बापासाठी. आला तो बोलावणाऱ्या बापासाठी.

ही यंत्रं उपयोगी की अनावश्यक, यावर आता गावातली तरुण मुलं माझ्यासमोर वाद घालतात. मी त्यात पडत नाही. पेटीनं लिहिलं ते एका अर्थी खरंच होतं, घरात कोणीतरी उठलं होतं, चहा घेत होतं. ते कोण, हे पेटीला विचारायची सोय नव्हती, एवढंच.

मंदारनं पुढे स्वतःच पेटी काढून नेली. म्हणाला, नको आता, मी फोन करत जाईन. आणि करतो. दर रविवारी, न चुकता. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारून होतं. मी हो, हो म्हणतो. मग तो फोन ठेवत नाही. थोडा वेळ नुसता थांबतो. त्याचा श्वास मला ऐकू येतो.

तो वाट बघत असतो, त्या दिवशीसारखं मी काही बोलेन म्हणून. मी खूप प्रयत्न करतो. शब्द सगळे आत असतात, एकूण एक. पण येत नाहीत.

"बरं बाबा, ठेवू मग?" तो म्हणतो.

"हं. ठेव."